बिनास्वॅपचा लॅपटॉप

मले ओळखणाऱ्या लोकाईले वाटन का आता हा पोट्टा सरपंचाचा आवाज काढन, मंग प्राचार्याचा, मंग बोकडाचा. बसा वाट पाहत. यात नक्कल आहे, पन खरी नक्कल शेवटी आहे, अन् तिच्यावर कोनी हसलं नाई. भंडाऱ्याचा आहे म्हनून धान, तलाव अन् झिंगे येतीन असं वाटत असन, तर तेही नाई. ही एका लॅपटॉपची गोष्ट आहे. त्यात मी लिनक्स टाकलं अन् स्वॅप नाई टाकलं.

लॅपटॉप ताईचा. ताई म्हणजे मोठ्या बाबाची पोरगी, अन् मोठे बाबा म्हणजे माह्या बाबाचे मोठे भाऊ. आंधळगावात आमचं एकच आंगण आहे, चुली दोन. मोठे बाबा लग्न लावत. आमच्या बौद्ध लोकाईत विहारातला जो नीट वंदना म्हनते, तोच माइक धरून लग्न लावते. त्याईचा आवाज असा, का मांडवात जेवणावरून भांडण चालू असलं तरी लोकं गप उभे राहत. मी लहानपणी पहिली नक्कल त्याईचीच केली. ते म्हनत, "नाकातून कायले बोलतं बे? मी नाई नाकातून बोलत."

बोलत होते.

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्याईच्या गळ्यात गाठ झाली. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, स्वरयंत्रच काढा लागते, थांबता येत नाई. इकडं ताईचं लग्न ठरलेलं. पोरगा चिखल्याच्या मँगनीज खाणीत नवीन लागला होता, त्याले लवकर सुट्टी भेटत नव्हती. म्हणजे ऑपरेशन आधी, लग्न मंग. मोठ्या बाबानं एकच गोष्ट धरून ठेवली: पोरीचं लग्न माह्याच आवाजात लागन. पूर्ण वंदना, अन् तिच्यासाठी दोन शब्द, आधीच रेकॉर्ड करून ठेवायचे अन् मांडवात वाजवायचे.

मोठी आई, म्हणजे ताईची आई, म्हनली, "मोबाइलवर करून टाका ना."

मी मधात पडलो. "मोबाइलवर डब्यात बसून बोलल्यासारखं वाटते, मोठी आई. बाजूले राईस मिल धडधडते. मी लॅपटॉपवर करून देतो, एकदम स्टुडिओ."

लॅपटॉप चालू व्हाले लागला का तेवढ्यात चहा होऊन जाये. म्हनून मी त्याच्यात एक लहानशी नवीन डिस्क बसवली अन् विंडोजच्या जागी लिनक्स, फुकटातली सिस्टीम, टाकाले घेतलं. मोठे बाबा खुर्ची ओढून मागं बसले. मधात स्क्रीनवर इशारा आला: स्वॅप पार्टिशन दिलं नाई, मागं जायचं का?

"हे काय म्हणून राहिलं बे?" मोठ्या बाबानं विचारलं.

मी नाक दाबून स्टेशनवरच्या बाईचा आवाज काढला, "यात्रीगण कृपया ध्यान दें. स्वॅप नाम की गाडी आज रद्द कर दी गई है. आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है."

मोठे बाबा खोकला येईपर्यंत हसले. मी पुढचं बटण दाबलं.

स्वॅप म्हणजे डिस्कवरची राखीव जागा. रॅम म्हणजे चालू कामाची जागा, करंट गेला का कोरी होते; ती भरली का लॅपटॉप जास्तीचं सामान स्वॅपमधी नेऊन ठेवते. एका व्हिडिओत पाहिलं होतं का आता त्याची गरज नाई, डिस्क उगीच झिजते, जागा फालतू जाते. तेवढंच माहीत होतं. बॅटरी मरायले आली का लॅपटॉप हातातलं सगळं त्याच जागेत उतरवून मंग बंद होते, हे मी नंतर वाचलं. जुन्या सिस्टीममधी असंच काहीतरी आपोआप होत होतं, म्हनून आमच्या घरी कोनाचं कधी काही गेलं नाई.

अन् आमच्या घरी लॅपटॉप कोनी बंद करतच नाई. झाकण लावतात. भाताच्या गंजावर लावतात तसंच, वरून रुमाल. लाइट जावो, बॅटरी मरो, दुसऱ्या दिवशी उघडलं का जिथं सोडलं तिथंच सापडे. मोठ्या बाबानं आयुष्यात एक फाइल सेव्ह केली नसन.

मिल बंद असते त्या दिवशी दुपारी बसलो. मोठ्या बाबानं पांढरा सदरा घातला, जसा लग्नाले घालत. मी म्हनलं, "रेडिओ आहे मोठे बाबा, फोटो नाई." तर म्हनले, "तू आपलं काम कर." ताईले त्याईनं मुद्दाम मैत्रिणीकडं पाठवलं होतं. तिनं ते लग्नातच ऐकावं असं त्याईच्या मनात होतं.

वंदना झाली. मंग ते ताईसाठी बोलले. मी हेडफोन लावून होतो, पन डोळे स्क्रीनवरच्या हिरव्या पट्टीवर. पट्टी लाल झाली का आवाज फाटते, म्हनून मी तेच पाहत बसलो. ते काय बोलून राहिले, तिकडं माहं ध्यान नव्हतं. ते थांबले तवा त्याईचे डोळे ओले होते, अन् मी अंगठा दाखवला.

तेवढ्यात बाहेर मित्राची गाडी वाजली. शाळेच्या गॅदरिंगमधी माही मिमिक्री होती. मी म्हनलं, "चालूच राहू द्या. मी येऊन साफ करतो अन् सेव्ह करतो." रेकॉर्डर फास्ट चालावा म्हनून त्याची कच्ची फाइल मी रॅममधीच ठेवली होती, हीबी माहीच हुशारी. मी गेलो. मोठ्या बाबानं सदरा काढला, घडी केला, अन् रोजच्या सवयीनं झाकण लावून वरून रुमाल टाकला.

संध्याकाळी लाइट गेली. बॅटरी जुनी.

सकाळी मोठे बाबा भरती व्हाले नागपूरले निघाले. गाडीत बसता बसता म्हनले, "झालं ना बे काम?" मी म्हनलं, "एक नंबर." मंग घरात येऊन रुमाल उचलला, झाकण उघडलं. लॅपटॉप पहिल्यापासून चालू झाला, नवीन नवरीसारखा. फाइल कुठंच नाई.

तवाच फोन करायचा. नाई केला. मले वाटलं, मी काढतो शोधून. फाइली परत आणायचे प्रोग्राम टाकून पाहिले, कायकाय वाचलं. पन जे डिस्कवर उतरलंच नाई, ते डिस्कवर कसं सापडन? हे मनाले पटेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं.

मंग मी गावोगाव लग्नाचे व्हिडिओ शोधत फिरलो. व्हिडिओवाल्याईनं वंदनेवर सनईचं संगीत चढवलेलं. मोठे बाबा दिसतात, ओठ हालतात, आवाज सनईचा. एका मोबाइलमधी घडीभर आवाज भेटला, त्यातबी लेकरू रडून राहिलं होतं.

ताईले अन् मोठ्या बाबाले सांगा लागलंच: स्वॅप, झाकण, त्या सकाळी उचललेला रुमाल, सगळं. ताई चिडली नाई. तिनं एवढंच विचारलं, "मंग तू तर ऐकलं असशील. बाबा काय म्हनले माह्यासाठी?"

मी तोंड उघडलं. त्याईचा सूर होता माह्याजवळ, नाकातला तो घुमारा होता, वाक्य संपता संपता आवाज खाली उतरते तेबी होतं. शब्द एकबी नव्हता. मोठ्या बाबाले लिहून मागितलं, तर त्याईनं मोबाइलवर थोडंसं टाइप केलं, वाचलं, अन् मिटवून टाकलं.

लग्न कोंढा गावच्या एका काकानं लावलं. चांगलं लावलं. मोठे बाबा बाजूले उभे होते, तोच पांढरा सदरा, गळ्याले रुमाल. काकाच्या संग त्याईचे ओठ हालून राहिले होते. मागून एक पाहुणा मले म्हनला, "अबे, तूच काढ ना त्याईचा आवाज. कोनाले समजते?" मी पाण्याचा जग उचलून पंगतीकडं गेलो.

ताई सासरी गेली. मोठी आई आंगणात भांडे जमा करून राहिली होती. मोठ्या बाबानं मले हातानं बोलावलं अन् मोबाइल पुढं केला. पुरा स्क्रीन भरून लिहिलेलं. मी मनात वाचाले घेतलं, तर त्याईनं खुर्चीवर हात आपटला. मोठ्यानं वाच. मी वाचाले सुरुवात केली. त्याईनं पुन्हा थांबवलं. आधी आपल्या गळ्याकडं बोट केलं, मंग माह्याकडं.

म्हणजे त्याईच्या आवाजात.

मी काढला. मोठ्या आईच्या हातातले भांडे वाजाचे थांबले.

"गाडी रद्द झाली म्हनून तू मले हसवलं. मी हसलो, तो माहा मूर्खपणा. स्वॅप का काय ते मले समजत नाई. झाकण मी लावलं, तेबी कबूल. पन तुले सकाळीच माहीत झालं होतं, अन् माहा गळा तवा शाबूत होता. एक फोन करतास, तर मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून बोललो असतो. माह्या पोरीले मी काय म्हनलो, ते तुले सांगता येत नाई, अन् गावभर माही नक्कल करत फिरतं. आता माफी माग. माह्या आवाजात नोको. तुह्या आवाजात माग."