चटका न बसणारे पाय

माझं वजन एकशे सतरा किलो होतं तेव्हा माझ्यासाठी प्रत्येकाकडे एकेक रामबाण उपाय होता. कोणी गरम पाणी सांगे, कोणी रात्रीचा भात बंद करायला सांगे, आणि हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये शेजारची बाई काही न सांगता अंग चोरून बसे. ते न सांगणंच मला जास्त लागत असे. शेवटी गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, आणि मी जठर लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. मोठं हॉस्पिटल, नावाजलेले सर्जन. ऑपरेशन उत्तम झालं, हे मी आधीच सांगून टाकते. जे बिघडलं ते त्यानंतर बिघडलं, आणि त्यात माझाही हात होता.

पहिल्या महिन्यात दोनदा तपासणीला गेले. तिसऱ्या वेळी सर्जन परदेशी गेले होते. मग दर वेळी नवा तरुण डॉक्टर माझी फाईल पहिल्या पानापासून वाचू लागला. पुढे तेही थांबलं आणि दर आठवड्याला हॉस्पिटलमधून एका मुलीचा फोन येऊ लागला. "मॅडम, उलटी? चक्कर? व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत ना?" मी म्हणे, "सगळं ठीक." ते खोटं होतं. सहाव्या आठवड्यापासून दोन घास पोटात गेले की उलटी होत होती. गोळ्या तर पोटात टिकतच नव्हत्या, म्हणून मी त्या बंदच केल्या होत्या. मग खोटं का बोलले? काटा झरझर खाली येत होता म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला "अगं, किती छान दिसतेस" म्हणत होते. खरं सांगितलं तर हे सगळं थांबवतील, कदाचित पुन्हा पोट उघडतील, ही भीती होती. आज लिहितानाही लाज वाटते.

तरी आतून धास्ती होतीच. वारजे भागात दोन डॉक्टर करून पाहिले. एकाने तपासण्याआधीच प्रोटीनचे डबे टेबलावर मांडले. दुसऱ्याने हात झटकले. "ज्यांनी कापलं, त्यांच्याकडे जा," एवढंच बोलून त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. माझा कोणावर विश्वास बसेना. घराजवळ, टेकडीच्या उतारावर एक लहानसं दत्तमंदिर आहे. मी दर गुरुवारी दुपारच्या आरतीनंतर एकवीस प्रदक्षिणा घालू लागले आणि एकच मागणं मागू लागले, की महाराज, मला एक भरवशाचा डॉक्टर भेटवा.

एप्रिलचा एक गुरुवार. प्रदक्षिणेच्या वाटेवरची दगडी फरशी तव्यासारखी तापलेली होती. ओली काथ्याची पट्टी अर्ध्या वाटेवर संपत होती, आणि तिथून पुढे सगळी माणसं टाचा उचलत, "आई गं, आई गं" करत पळत होती. मी मात्र संथ चालले होते. मला काहीच भाजत नव्हतं. आधी वाटलं, भास असेल. मुद्दाम उन्हात उभी राहिले. पायाखाली जणू कापसाची गादी होती. माझे डोळे भरून आले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. आमचं घर वारज्यातलं जुनं शेतकरी घर. शेती गेली, सासूबाईंचा भाव तोच राहिला. त्यांनी माझ्या पायांवर हात फिरवला. म्हणाल्या, "आगं, गुरूंनी तुझ्या पायाखाली सावली धरलीया. भाग्य लागतं त्याला." पुढचा आठवडाभर मी जमिनीवर नव्हतेच. डॉक्टर हवा हे मागणंही मी विसरले. देव स्वतः लक्ष घालत असताना डॉक्टर हवाय कशाला!

पुढच्या गुरुवारी माझ्या मागून एक साठीच्या बाई प्रदक्षिणा घालत होत्या. बारीक अंगाच्या, सुती साडी, चष्मा. त्याही पळतच होत्या, पण मला ओलांडून पुढे गेल्या आणि थांबल्या.

"अहो, तुम्हाला चटके बसत नाहीत का?"

"नाही," मी हात जोडून म्हणाले. "महाराजांची कृपा."

"महाराजांना दुसरी कामं नाहीत वाटतं? इकडे सावलीत या."

मी थक्क होऊन त्यांच्यामागे गेले. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि विचारलं, "मी तुमच्या पायाचं कुठलं बोट धरलंय?" मी वाट पाहत राहिले. त्यांनी धरलंय हेच मला कळलं नव्हतं. मग त्यांनी वजनाचं विचारलं, उलट्यांचं विचारलं. का कोण जाणे, फोनवरच्या मुलीला जे कधी सांगितलं नाही ते मी या अनोळखी बाईंना सांगून टाकलं. शेवटी त्यांनी विचारलं, "ऑपरेशननंतर तुम्हाला बघतं कोण? नाव सांगा." माझ्याकडे नाव नव्हतं. हॉस्पिटलचं होतं, माणसाचं नव्हतं.

"मी डॉक्टर आहे. ही कृपा नाही, तुमच्या नसा उपाशी आहेत. आत्ता माझ्याबरोबर चला."

मला इतका राग आला! महाराजांनी दिलेलं एकमेव लेणं ही बाई भर देवळात काढून घेत होती. "उद्या बघते," असं तुटक बोलून मी घरी आले. पण न्हाणीघरात पाय धुताना सासूबाईंचं लक्ष माझ्या तळव्यांकडे गेलं. दोन्ही पायांना मोठाले फोड होते, एक फुटून सालटं लोंबत होतं. मी त्याच पायांनी घरभर फिरले होते. सासूबाई खाली बसल्या.

मग म्हणाल्या, "बैलाच्या खुराला आसं झालं आसतं, तर आपण त्याला तसाच फिरवला आसता का गं? मीच येडी. म्हनं देवानं सावली धरली. चल, ऊठ. ती बाई कुठं आसंल तिथं जाऊ."

देवळाच्या पुजाऱ्यांना बाईंचा दवाखाना ठाऊक होता. दोन खोल्यांची साधी जागा. सासूबाईंचा हात धरून पायऱ्या चढताना पाऊल पायरीवर टेकलं की नाही तेच कळेना, आणि पहिल्यांदा मी खरी घाबरले. आम्ही पोचताच बाईंनी ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. "हे आधी. याच्याआधी साखर गेली तर नसा आणखी बिघडतात. साखरेचं सलाईन कोणी आधी लावू म्हणालं तर लावू द्यायचं नाही," असं त्यांनी सासूबाईंकडून चक्क पाठ करून घेतलं. मग मला म्हणाल्या, "हे बघा, मी पोटाची सर्जन नाही. मला जे येतं ते मी करीन, जे येत नाही ते विचारीन. पण विचारणारं माणूस एकच राहील, ते मी." माझ्यासमोर त्यांनी सर्जनना फोन लावला. ते परतले होते. बिचारे हादरले. त्यांच्यापर्यंत माझं "सगळं ठीक"च पोचलं होतं. त्याच संध्याकाळी मला दाखल करून घेतलं. जठराची वाट एका जागी आवळली होती, ती दुर्बिणीतून मोकळी करावी लागली. उलट्या थांबल्या. घरी सोडताना बाई म्हणाल्या, "आणखी पंधरा दिवस गेले असते, तर हे पाय परत येतील असं मी म्हटलं नसतं. आत्ताही वचन देत नाही."

वचन न देणारा डॉक्टर भेटला आणि माझा विश्वास बसला. दर पंधरा दिवसांनी मी जात राहिले. त्या रागवायच्या, पण माझं ऐकून घेतल्यावर. "ठीक" हा शब्द त्यांनी मला बंदच केला होता. काय खाल्लं, काय उलटून पडलं, काय दुखलं, सगळं खरं सांगायचं. ते सांगताना हळूहळू उमगलं, की देवापुढे मी वर्षानुवर्षं नुसतीच वाकत होते. माझं खरं ते मी त्याच्यापासूनही झाकून ठेवत होते. शरण जायचं तर असतं तसं जावं लागतं, उलट्यांसकट, खोटेपणासकट. मी डॉक्टर मागितला होता. महाराजांनी तो माझ्या मागून, पळत, चटके सोसत पाठवला, आणि मी त्याच्याशी भांडले. याहून जास्त मला त्यातलं कळत नाही.

पावसाळा गेला तरी पाय तसेच होते. काठी घेऊन चालत होते. एका सकाळी सासूबाई नैवेद्याला नारळ फोडत होत्या. मी अनवाणी स्वयंपाकघरात गेले आणि एकदम ओरडले, "आई गं!"

"काय झालं?"

"टोचलं," मी म्हणाले. "आई, मला टोचलं!"

त्या तशाच खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला. करवंटीची बारीकशी कपची रुतली होती. त्यांनी ती काढली, पण पाय काही सोडला नाही. आम्ही दोघी रडत होतो. आयुष्यभर मी महाराजांना म्हणत आले होते, माझं दुखणं घेऊन जा. त्या सकाळी फरशीवर रक्ताचा एक थेंब पडला होता आणि मी त्याला हात जोडले.