लायलच्या नावावरचं रिव्हॉल्व्हर

लायल ट्रॉम्बलीनं एकतीस वर्षं तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी केली. आमच्याकडे, न्यूयॉर्क राज्याच्या पार वरच्या टोकाला, दर तिसऱ्या घरात कोणी ना कोणी तेच काम करतं. निवृत्त झाल्यावर त्यानं रीतसर परवाना काढून एक रिव्हॉल्व्हर ठेवलं. हॉलमधल्या कपाटात, लोखंडी पेटीत. पेटीला आकड्यांचं कुलूप, आणि आकडे फक्त त्याला ठाऊक. त्याची बायको व्हेल्मा, माझी शेजारीण, त्या पेटीला धूळ पुसायलासुद्धा कधी शिवली नाही.

मग लायल विसरायला लागला. आधी नावं, मग रस्ते, मग आपण जेवलो की नाही ते. कुलपाचे आकडे मात्र त्याच्या बोटांना पाठ होते.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी व्हेल्मा वाणसामान घेऊन घरात शिरली, तर हा हॉलमध्ये रिव्हॉल्व्हर रोखून उभा.

"कोण गं तू? आत कशी आलीस?"

"मी व्हेल्मा."

"कोण व्हेल्मा?"

तिला कसं सुचलं कोण जाणे. म्हणाली, "स्वयंपाकाला लावलंय मला. भूक लागली असेल ना?"

त्यानं हात खाली केला. "मग इतका उशीर?" असं गुरगुरून टेबलाशी जाऊन बसला. जेवण झाल्यावर त्यानंच ते पेटीत ठेवून कुलूप लावलं.

हे सांगताना व्हेल्मा हसत होती आणि त्याच कपात पुन्हा पुन्हा साखर घालत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला परवान्याच्या कचेरीत नेलं. खिडकीमागची बाई स्वभावानं चांगली होती, खोटं कशाला सांगू.

"एक रिव्हॉल्व्हर विकायचंय, नाहीतर कोणाला देऊन टाकायचंय," व्हेल्मा म्हणाली.

"परवाना कोणाच्या नावावर?"

"नवऱ्याच्या."

"मग त्यांनाच घेऊन येऊ द्या."

"त्याला आज वार कुठला तेही सांगता येत नाही हो. मीच पेटी गाडीत घालून आणते ना."

"मॅडम, तुमच्याकडे परवाना नाही. ते तुमच्यापाशी सापडलं तर गुन्हा तुमच्यावर."

"माझ्या घरातलं? माझ्या नवऱ्याचं?"

"हो, तरीही."

दोन वाटा होत्या. परवाना असलेला कोणी घेणारा बघायचा, विक्रीच्या कागदावर लायलची सही घ्यायची आणि न्यायाधीशांच्या मंजुरीनं ते त्या माणसाच्या परवान्यावर चढवायचं. नाहीतर शेरीफच्या पोलिसांना बोलवायचं. ते येऊन घेऊन जातात. पण मग कारणाची नोंद होते आणि परवाना रद्द.

"शेरीफची गाडी? लायलच्या दारात?" व्हेल्मानं मान हलवली. "ते नाही जमायचं मला."

लायलचा मासेमारीतला जोडीदार डुएन याच्याकडे परवाना होता, तो लगेच तयार झाला. "एवढंच ना? आण इकडे," म्हणाला. पण त्यालाही मंजुरीआधी हात लावता येत नव्हता. त्यानं अर्ज भरला. लायलनं कागदावर सही केली ती आपल्या मेलेल्या बापाच्या नावाची. कागद परत आला. पुन्हा एका बऱ्या दिवशी बरोबर सही झाली. मग कळलं, न्यायाधीशांकडून यायला सहा ते आठ आठवडे लागतील.

व्हेल्मा लायललाही विचारायची, "ते डुएनला देऊन टाकूया का रे?" तो दरवेळी म्हणायचा, "दे की, मला काय करायचंय त्याचं." दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

जानेवारीत एका सकाळी त्याला वाटलं, कैदी पळालाय. रिव्हॉल्व्हर मांडीवर घेऊन तो तळघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसला. व्हेल्मा खाली कपडे धूत होती. वर यायला निघाली की तो ओरडायचा, "हलू नकोस!" चार तास ती तिथल्या थंडीत बसून होती. शेवटी तिनं खालूनच शेरीफला फोन लावला.

गाड्या आल्या तेव्हा लायल अगदी भानावर होता. असा तो महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचा, आणि नेमका तेव्हा झाला. गोळ्या काढून, रिव्हॉल्व्हर उघडं करून त्यानं ते नियमाप्रमाणे टेबलावर ठेवलं.

"साहेब, माफ करा," आलेला अधिकारी म्हणाला. तो लायलला ओळखत होता.

लायलनं व्हेल्माकडे पाहिलं. "तू बोलावलंस?"

"हो."

"मला विचारायचं तरी होतंस."

"किती वेळा विचारलं रे, लायल."

त्याला काहीच आठवेना. त्या दिवसापासून बाकी सगळं पुसलं गेलं, तेवढं राहिलं. ती ताट घेऊन गेली की तो म्हणायचा, "हीच ती. हिनंच पोलीस आणले." तिच्या हातचं खाईना. फेब्रुवारीत त्याला वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. त्याच आठवड्यात डुएन मंजुरीचं पत्र घेऊन आला आणि टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

व्हेल्मा रोज तिथे जायची. बर्फ असो, गाडी घसरो. तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. ती खुर्चीवर तासभर बसायची, स्वेटर नीट करायची, निघायची. एप्रिलमध्ये तो गेला.

दफनानंतर लोक पांगले. मी तिच्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी मी त्याचा हात धरला, तर त्यानं सोडवला नाही. ओळखलं असेल का गं?"

"ओळखलंच असणार," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला खोटं बोलता येत नाही," म्हणाली आणि माझ्या हातातली ताटली घेऊन पुसायला लागली.