ढेकणाच्या माणसाला बोलावण्याआधी

घरात औषध मारायला माणूस बोलवायचा असेल, तर आधी घरातल्यांनी आपसात खरं बोलून घ्यावं. बाकीच्या सूचना नंतर. पाण्याचे हंडे झाकावेत, पिठाचे डबे शेजारी नेऊन ठेवावेत, लोणच्याची बरणी विसरू नये, मांजर आत कोंडू नये. हे सगळं मी आजही कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवते आणि धाकट्या जावा हसतात. हसू देत. पहिली ओळ मात्र मी तीच ठेवते. कारण तुळजापुरात आमच्या सासरी पहिल्यांदा ढेकणाचा माणूस आला, तेव्हा जो तो काहीतरी लपवत होता. ढेकूण तेवढे उघड वागत होते.

आमचं घर पुजाऱ्याचं. देवीला येणारे यजमान पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या पुजाऱ्याच्याच घरी उतरतात, तिथंच जेवतात, तिथंच झोपतात. आमचं पोट त्यांच्यावर आणि आमची अब्रू त्यांच्या झोपेवर. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या यजमानीण विजापूरकडच्या एक अक्का. अंगानं दणकट, बोलायला मोकळ्या. त्या जिथं उतरायच्या तिथं त्यांच्यामागं त्यांचं सगळं गाव उतरायचं.

निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. नव्या सरकारनं मलेरियाची फवारणी सुरू केली होती. खाकीतले लोक येत, भिंतींना औषध मारत, दारावर तारीख लिहून जात. डास खरोखर कमी झाले. ढेकूण मात्र माजले. मामंजी म्हणजे माझे सासरे म्हणायचे, "सरकारनं त्यान्ला टॉनिक पाजलं."

अशात एका नवरात्रात अक्का येऊन गेल्या. सकाळी उठल्या तेव्हा दंडावर गांधी उठल्या होत्या. त्या खाजवत म्हणाल्या, "यंदा डास लई हाईत बघा." आम्ही माना डोलावल्या. आणि जाताना टांग्यात पाय ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारलं, "समोरच्यांची माडी रिकामी असती का हो नवरात्रात?"

टांगा गेला. आमच्या आत्याबाई म्हणजे सासूबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. अक्का समोर गेल्या म्हणजे गाव समोर गेलं. समोरचं घरही पुजाऱ्याचंच, आणि तिथल्या काकूंना तर आमचं काही गेलं की दोन घास जास्त जायचे.

मामंजींचं मत ठाम होतं. "आपल्या घरात ढेकूण न्हाईत. यजमान घिऊन येत्यात."

"आणि जाताना नेत न्हाईत व्हय?" आत्याबाई म्हणाल्या.

वर्षभर खाजवण्यात गेलं. पुढचं नवरात्र जवळ आलं तसा मामंजींनी हुकूम सोडला: सोलापुराहून माणूस आणा, पण गल्लीला पत्ता लागता कामा नये. कुणी विचारलं तर रंगारी आलाय, नवरात्राचा चुना मारायला, असं सांगायचं. माझ्या नवऱ्यानं सोलापुरात जाऊन माणूस ठरवला. आमची पहिली चूक तीच. तो कुठं, काय आणि किती वेळ मारणार हे त्याला विचारलंच नाही, फक्त 'गुपचूप या' एवढंच बजावलं.

तो गुपचूप आला तो असा. पाठीला पंप, हातात डबा, एसटीतून स्टँडवर उतरला आणि पानाच्या टपरीवर मोठ्यानं म्हणाला, "पुजाऱ्याच्या घरातले ढेकूण मारायचेत. घर कुठलं?"

तुळजापुरात स्टँडवर उभं राहून पुजाऱ्याचं घर विचारणं म्हणजे बाजारात उभं राहून 'अहो' म्हणून हाक मारणं. प्रत्येकानं त्याला प्रामाणिकपणे दुसऱ्याच्या घरी पाठवलं. फिरत फिरत तो आमच्या दारात पोचला तेव्हा मागं अर्धी गल्ली होती आणि पुढं समोरच्या काकू.

"कोण म्हणायचं हे?" काकूंनी विचारलं.

"रंगारी," मामंजी म्हणाले.

काकूंनी पंपाकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, नाकाला पदर लावला. "रंग लई उग्र हाय वो."

आता दुसरी चूक, आणि ही खास आमचीच. गाद्या, गोधड्या, खाटा बाहेर काढल्या असत्या तर गल्लीनं मोजूनच घेतल्या असत्या. म्हणून मामंजींनी पहाटेच सगळं अंथरूण मधल्या खोलीत रचून कुलूप घातलं होतं. मी म्हटलं, "मामंजी, असतात ते गाद्यांतच असतात."

"सूनबाई, गाद्या इज्जतीच्या असत्यात. भिताडं मारू दे त्याला."

त्या माणसानं भिंती मारल्या, माळा मारला, तुळया मारल्या. मधल्या खोलीपाशी आला. "ही उघडा."

"ती देवाची हाय," मामंजी म्हणाले.

"देवाला ढेकूण नसत्यात व्हय?"

"तुमी आपलं काम करा."

तो खांदे उडवून पुढं गेला आणि जाताना म्हणाला, "मारलंय त्याची गॅरंटी. कुलपाची न्हाय." आम्हाला फक्त 'गॅरंटी' ऐकू आलं.

झुरळं मेली. पाली मेल्या. माळ्यावरच्या मुंग्या, कोनाड्यातले कोळी, आत्याबाईंनी वाळत घातलेले सांडगे, सगळ्यांचा निकाल लागला. संध्याकाळी कुलूप काढून गाद्या अंथरल्या. सकाळी मामंजी पाठ खांबाला घासत होते.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"घामोळं."

भादव्याचा पाऊस पडत होता आणि हवा गार होती.

मग देवीच्या निद्रेचे दिवस आले. नवरात्राआधी देवी पलंगावर झोपते, आणि त्याआधी तिच्या गाद्या उसवतात. बायका बसून कापूस वेचतात, तो पिंजून पुन्हा भरतात. आत्याबाई दरसाल कापूस वेचायला जात. त्या वर्षी त्या परत आल्या, केसांत कापूस, नाकाच्या शेंड्यावर कापूस, आणि पाणी पिता पिता तांब्या तसाच हातात धरून थांबल्या.

"काय गं, देवीची गादी दरवर्षी उसवायची?"

"तुम्हीच उसवून आलात की."

"आणि आपली कधी उसवली?"

"माझ्या लग्नाआधी असेल तर ठाऊक नाही."

त्यांनी तांब्या ठेवला, पदर खोचला आणि थेट मामंजींपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "देवीची गादी निघाली की पुजाऱ्याची गादी निघाली पायजे. देवी ताज्या कापसावर आणि आपण शिळ्यावर? न्हाय, उलटं म्हनते म्या. देवीनं करायचं आणि आपण करायचं न्हाय, म्हंजी आपण तिच्याहून थोर झालो का?"

मामंजींनी तोंड उघडलं. अशी रीत नाही म्हणावं तर भक्ती कमी पडते. ते म्हणाले, "मी तरी दुसरं काय म्हनत हुतो?"

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. आम्ही गल्लीच्या मधोमध गाद्या उसवल्या. पिंजारी बसवला. खाटांच्या नवारी सोडून उकळत्या पाण्यात बुडवल्या, सांध्यांत रॉकेल सोडलं. मी काय बाहेर आलं, काय पिंजलं, काय धुतलं ते टिपत फिरत होते. समोरच्या काकू दारात आल्या.

"आज कसली गडबड म्हनायची?"

"देवीच्या गाद्या निघाल्या न्हवं," आत्याबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर काहीतरी चिरडलं. "मग आमच्याबी."

काकूंनी आत्याबाईंच्या अंगठ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या घराकडं. "आमच्यात तर पयल्यापासनंच हाय ही रीत," त्या म्हणाल्या. "सवड न्हवती येवढंच." आणि आत जाऊन त्यांनी पहिली गादी ओढत बाहेर आणली. ती गादी बघून मला आमच्या गाद्यांचा अभिमान वाटला.

दुपारपर्यंत सगळी गल्ली बाहेर होती. तोंडानं देवीचं नाव आणि टाचेखाली चिरडणं, असा तो कार्यक्रम दिवे लागेपर्यंत चालला. ढेकूण हा शब्द कुणीही काढला नाही.

तेव्हा मला कळलं ते असं. आमची घरं सपाट मातीच्या माळवदाची, भिंतीला भिंत लागून. एका घरात औषध मारलं की ढेकूण भिंतीतल्या फटींतून शेजारी पाहुणे म्हणून जातात आणि वास उडाला की परत येतात. म्हणून मी सगळ्या घरांतून फिरून एकच दिवस ठरवला, आणि सोलापूरच्या त्याच माणसाला निरोप धाडला. या वेळी सगळं आधी बोलून घेतलं: खाटेचे सांधे, चौकटीच्या फटी, तसबिरींच्या पाठी मारायच्या, चुलीच्या खोलीत मारायचं नाही, आणि अंड्यांतून पुन्हा निघतात तेव्हा त्याच पैशांत दुसरी फेरी. तो म्हणाला, "वैनी, पयल्याच बारीला असं बोलला असता तर?"

"पहिल्या बारीला तुम्ही रंगारी होता," मी म्हटलं.

या वेळी स्टँडवर त्यानं कुठलं घर विचारलं असतं तरी उत्तर बरोबर आलं असतं.

नवरात्र आलं. घर स्वच्छ, गाद्या फुगलेल्या, आणि आत्याबाईंचा जीव टांगणीला. अक्कांचा टांगा गल्लीत वळला. तो आमच्यात थांबतो की समोर, ते बघायला दोन्हीकडची दारं भरली. टांगा दोन्ही दारांच्या मधोमध थांबला. अक्का उतरल्या, मागून त्यांची भलीमोठी वळकटी उतरली. मी हात लावायला पुढं झाले आणि वळकटीच्या पट्ट्यावरून एक लालबुंद ढेकूण सावकाश चालत जाताना दिसला. मामंजींनाही दिसला.

मामंजी बरोबर होते. घेऊन येत होते ते यजमानच.

यजमानिणीला असं तोंडावर सांगायचं म्हणजे टांगा आपणच समोरच्या दारात ढकलायचा. पण मामंजींनी गळा साफ केला आणि संकल्प सोडताना काढतात तो आवाज काढला.

"अक्का, देवीच्या गावात अंथरूण आधी माळवदावर उन्हाला, मग उंबऱ्याच्या आत. रीत हाय."

"मागल्या साली न्हवती की."

"मागल्या साली तुमी घाईत हुता."

अक्कांनी वर बघितलं. काकूंच्या माळवदावर गाद्या, शेजारी गाद्या, जिकडंतिकडं गाद्या. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. आत्याबाईंच्या कानाला लागून त्या म्हणाल्या, पण त्यांचं कुजबुजणं म्हणजे चौकापर्यंत जाणारं, "बरं झालं बाई. आमच्याच वळकटीत हाईत. मागल्या साली तुमच्या घरात सोडून गेले म्हनून लाजंनं मेले मी. म्हनूनच समोर माडी इचारली. तुमाला कशाला पुन्हा तरास?"

आत्याबाईंनी वर्षभराचा श्वास सोडला. "तुमचं आपलं कायतरीच. आमच्याकडं आले असते तर आमाला दिसले नसते व्हय?"

अक्का आमच्याकडंच उतरल्या. त्यांच्यामागून आलेलं गाव आपापल्या वळकट्या घेऊन एकेक करत आमच्या जिन्यानं वर गेलं, अगदी भक्तिभावानं. मामंजी खाली उभे राहून प्रत्येकाला रीत समजावत होते. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या पणजोबांपर्यंत मागं गेली होती.

काकू त्यांच्या माळवदावरून बघत होत्या. गाव त्यांच्या हातून गेलं होतं, पण एवढ्या माणसांपुढं बोलायची संधी त्या सोडणार नव्हत्या. "अक्का," त्यांनी हाक मारली, "नुसती पसरू नका, उलटी बी करा. शिवणीत जास्त असती."

"काय असती?" मामंजींनी खालून दटावून विचारलं.

काकूंनी पदर डोक्यावर घेतला. "भक्ती."