चौथा खांदा

मंडळी, हे माझ्या वॉलवर लिहितोय, कारण आपल्या खान्देशी ग्रुपवर मंजूर होणार नाही.

आज सकाळी इकडे गुजरातेत, डिंडोलीत आमच्या शेजारचे नाना वारले. त्यांचं सगळं आयुष्य लूमवर गेलं. काकू म्हणाल्या, "ग्रुपवर टाक ना भाऊ, आपली मानसं येतीन."

पूर्वी त्या ग्रुपवर खोली, काम, मयत, कोणीही काहीही लिहायचं आणि माणसं धावत यायची. आता अ‍ॅडमिनने मंजूर केल्याशिवाय पोस्ट दिसत नाही. अ‍ॅडमिनचं साड्यांचं दुकान आहे.

मी त्याला फोन केला. म्हणाला, "थांब रे, सेलची पोस्ट चालू आहे. मयत टाकली की गिऱ्हाईक पळतं."

दुपारपर्यंत वाट पाहिली. खांदा द्यायला आम्ही तिघेच. चौथा खांदा शववाहिनीच्या गुजराती ड्रायव्हरने दिला.

संध्याकाळी ग्रुपवर श्रद्धांजली झळकली. नानांचा फोटो अंगठ्याएवढा, हात जोडलेला अ‍ॅडमिन केवढा तरी मोठा, खाली दुकानाचा पत्ता. आणि त्याखाली तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेत.

जागा आपल्या सगळ्यांची होती. किल्ली त्याला आपणच दिली.

तुमच्या घरची मयत कधी चालेल, ते त्याला विचारून ठेवलंय ना? दिवाळीच्या आसपास जमणार नाही, तेव्हा सेल मोठा असतो.