साखळीचं बोळकं

तिचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा, तोही बोटं सोडवण्यापासून. उजव्या हाताची बोटं रात्रभरात आकड्यासारखी वळून बसत. कोमट पाण्यात हात बुडवून ती एकेक सरळ करी. वेणी मात्र लेक घालून देई. डॉक्टरांनी बजावलं होतं, मनगटाचं ऑपरेशन लवकर करा, नाहीतर हात कायमचा गेला. त्यासाठी ती पगारातून पैसे मागे टाकत होती. नोकरी सुटली असती, तर हातही सुटला असता.

कोंबड्यांच्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. पिंजऱ्यातून जिवंत कोंबडी उचलायची, उलटी करायची, डोक्यावरून सरकणाऱ्या साखळीच्या आकड्यात तिचे दोन्ही पाय अडकवायचे. पुढे पातं, त्याच्या पुढे कढत पाणी.

मुकादमानं साखळीचा वेग वाढवला. बायका घाईत एकच पाय अडकवू लागल्या. एका पायावर लटकलेली कोंबडी धडपडते, मान वर घेते आणि पातं हुकतं. मग ती जिवंतच कढत पाण्यात जाते. पलीकडून निघते ती लालभडक.

मावशीनं ठरवलं, दोन्ही पाय बसले नाहीत तर आकडा रिकामा सोडायचा. रिकाम्या आकड्याला तिथे 'दात पडला' म्हणत. त्या सकाळी साखळीचं पार बोळकं झालं.

मुकादम धावत आला. "मावशी, किती दात पाडाल?"

"तुझा अजून एकही पाडलेला नाही. उपकार मान."

"घरी बसवीन!"

"बसव. पण आधी इथे उभा राहा आणि या वेगानं दोन पाय अडकवून दाखव."

शेजारची बाई हसली आणि तिनंही एक आकडा सोडला. मग समोरचीनं. बाहेर कोंबड्यांचे ट्रक उन्हात तापत होते, सगळ्यांना हाकलून कसं चालणार? त्यानं वेग कमी केला.

दुसऱ्या दिवशी मावशीला बाहेर पिंजरे धुवायला धाडलं. थंड पाणी, दुखरा हात. तिनं नोकरी सोडली नाही. वेग पुन्हा वाढला, की आतून बायकांची आरोळी येई, "मावशी, पडला हो!"

"अजून पाडा गं!" ती बाहेरून ओरडे.

त्याच पगारातून शेवटी ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर डॉक्टर म्हणाले, "मूठ वळून दाखवा."

तिनं वळली.

"आणखी जोरात."

"जोर आहे हो," ती म्हणाली, "समोर मुकादम तेवढा हवा होता."