नानांच्या लॉगिनवर

धुळ्याच्या ऑफिसात बसून एका सकाळी मी भडगावला एक छोटासा बदल पाठवायला गेलो आणि तो अख्ख्या खानदेशाला पाठवून बसलो. माझ्या आजवरच्या पराक्रमांत सगळ्यात कमी मेहनतीचा हाच. एक ओळ, एक एंटर.

आमची कंपनी गावोगावी इंटरनेट पुरवते. प्रत्येक गावात लोखंडी पेटीत आमचं एक यंत्र असतं. त्या सगळ्यांना हुकूम सोडणारे सर्व्हर तीन, एक धुळ्यात आणि दोन जळगावात. तिघांचं मिळून क्लस्टर. शेलच्या काळ्या पडद्यावर ओळ टाइप करायची, तीत गावाचं नाव लिहायचं, की तिघे काम वाटून घेतात. नाव लिहायचं राहिलं तर क्लस्टर विचारत बसत नाही. सगळ्यांना असेल, असं धरून चालू पडतं.

माझं नाव लिहायचं राहिलं.

पडद्यावर भडगाव हिरवं झालं. मी खुशीत मागे रेललो. मग पारोळा हिरवं झालं. पारोळ्याला तर मी काही पाठवलंच नव्हतं. मग अमळनेर. हिरवं म्हणजे बदल पोचला. पण भडगावसाठी केलेला बदल दुसऱ्या गावात पोचला की तिथलं यंत्र आतून कडी लावून घेतं आणि मग कोणाचंच ऐकत नाही. एकेक गाव छान हिरवं होत होतं आणि त्याच क्षणी मुकं होत होतं.

थांबवायला मी कंट्रोल-सी दाबलं. पडदा जागच्या जागी थांबला. वाटलं, वाचलो. तेवढ्यात चोपड्याहून फोन आला, नेट गेलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की थांबलं होतं ते फक्त माझं बघणं, फार तर धुळ्याचा सर्व्हर. काम जळगावच्या दोघांनी केव्हाच वाटून घेतलं होतं आणि ते मुकाट्याने उरकत होते.

जळगावला नाना असायचे. आमच्यात सगळ्यात जुने, मला शेल शिकवली तीही त्यांनीच. मी फोन लावला.

"बठ्ठा गावं जाई राह्यनात," मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले. सगळी गावं बंद पडत चाललेली त्यांनाही तिथे दिसत होती. "काय टाइप करं रे भो तू?"

"एंटर," मी म्हणालो.

पलीकडे खुर्ची सरकली. नानांनी दोन्ही सर्व्हरच्या वायरी उपटून काढल्या. शेवटचं गेलेलं गाव सावदा. तिथे केळी भरलेले ट्रक नेटवरून ई-वे बिल निघेना म्हणून उन्हात उभे होते, आणि आमचा माणूस मोटरसायकलवर जाऊन पेटी उघडेपर्यंत तसेच राहिले.

पण खरी भीती दुपारी आली. मुख्य ऑफिसातून साहेबांचा दोन ओळींचा मेल: 'कमांड ज्याच्या लॉगिनवरून गेली, त्याने उद्या अकरा वाजता फोनवर हजर राहावं. सोमवारपासून तो कामावर नसेल.'

लॉगिन नानांचं होतं. माझ्या लॉगिनला फक्त बघायचा अधिकार. बदल करायचा अधिकार मागून मागून मी थकलो होतो. शेवटी काम अडू नये म्हणून नानांनी त्यांचा पासवर्ड मला फोनवर सांगून टाकला होता. दोन वर्षं मी नाना होऊनच काम करत होतो.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला माहीत आहे, कारण मी ते केलं नाही. घाबरलेला माणूस आधी केर काढतो, मग विचार करतो. आपण टाइप केलेल्या ओळींची यादी शेल जपून ठेवते. ती मी पुसून टाकली. पुसल्यावर बरं वाटलं, चहासुद्धा मागवला. संध्याकाळी साहेबांचा दुसरा मेल: 'इथे प्रत्येक ओळीची प्रत येते. पुरावा पुसल्याचीही नोंद आहे.'

त्या नोंदीत पुसणारेही नानाच होते.

सकाळच्या एसटीने जळगाव गाठलं. वाटेत सात-आठ कबुलीजबाब रचले. त्यातल्या दोनांत तर मी चक्क निर्दोष होतो. नाना टेबलाशी बसले होते, समोर साहेबांनी पाठवलेल्या नोंदीचा कागद.

"हाई माना हात नही," ते कागदावर बोट ठेवून म्हणाले. "मी गावनं नाव पहिले लिखस."

"नाना, मी सांगतो साहेबांना."

"गप बस. माले रिटायर व्हवाले चार महिना राह्यनात. तुनं आखो बठ्ठं बाकी शे."

अकराला फोन वाजला. नानांनी स्पीकर लावला. साहेबांचा आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं.

"कमांड तुम्ही दिलीत?"

नानांनी तोंड उघडलं, पण मी आधी बोललो. "साहेब, धुळ्याहून मी दिली. पुसलंही मीच."

"त्यांचा पासवर्ड तुमच्याकडे कसा?"

सात-आठ कबुलीजबाबांपैकी एकातही हा प्रश्न नव्हता. पासवर्ड देणं हाही आमच्याकडे नोकरी जाण्याचाच गुन्हा.

"टाइप करताना... मागून बघितला होता," मी म्हणालो. आयुष्यात एकदा खरं बोलायला निघालो, तर तेही निम्मंच जमलं.

नाना फोनकडे वाकले. शुद्ध ऑफिसच्या मराठीत म्हणाले, "तो खोटं बोलतोय. पासवर्ड मी दिला होता. माझ्या मर्जीने."

पलीकडे नुसती बटणं वाजत होती. साहेब काहीतरी टाइप करत होते. नानांच्या पडद्यावरची शेलची खिडकी आपोआप मिटली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "नाना, तुम्ही ऑफिसची चावी तिथेच ठेवून घरी जा. आणि तुम्ही, तुमचं नंतर बघू. निम्मी गावं अजून बंद आहेत, चालवायला कोणीतरी पाहिजे."

फोन बंद झाला. नानांनी खिडकी पुन्हा उघडली, एका बोटाने सावकाश पासवर्ड टाइप केला. नाही. पुन्हा, आणखी सावकाश. नाही.

"वळखत नही माले," ते म्हणाले.

माझ्या खिशात मोबाइल थरथरला. हळूच काढून बघितला, माझ्या नावाचं नवं लॉगिन आलं होतं. सगळ्या गावांचे, सगळे अधिकार. नाना तिसऱ्यांदा टाइप करत होते. मी मोबाइल परत खिशात सरकवून काही आलंच नाही असं दाखवत उभा राहिलो, आणि त्यांनी न वळताच विचारलं, "उना का तुना पासवर्ड?"