स्मशानाच्या भिंतीवरचं आकाश

दहिसरच्या स्मशानाच्या भिंतीवर तो चित्र काढत होता. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मूळचा मालवणकडचा. बायको गेल्यापासून मी सकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसायचो. नाव कधी विचारलं नाही.

वर आकाश होतं, तारे खऱ्या आकाशाच्या नकाशावरून मोजून घेतलेले. खाली काळ्या पाण्यात शेषशायी विष्णू, आणि त्याच्या बेंबीतून कमळाऐवजी एक वळवळणारा जीव.

"देवाच्या पोटातून किडा काय काढतोस रे?" लाकडं रचणारा चिडवायचा.

"किडो खंयचो? पाण्यातलो पयलो जीव, पणजो तो आपलो!"

प्रेत आलं की मात्र अग्नी देईपर्यंत तो ब्रश ठेवून उभा राहायचा.

एकदा धीर करून मी म्हटलं, "तिच्यासाठी एक तारा काढाल?"

"नसलेलो तारो मी काढूचंय नाय, मास्तर."

मग वाकून त्यानं पाण्यात मोहरीएवढा पांढरा ठिपका दिला. तिथे तसे शेकडो होते. "सगळे हयसूनच इले. तिका हयसरच ठेवतंय."

दुसऱ्या दिवशी तो ठिपका मला सापडेना. त्याला विचारलं नाही. त्यालाही दाखवता आला नसता, अशी भीती वाटली.